युरोप शहाणा झाला म्हणजे नेमके काय झाले?

६ फेब्रुवारी २०२४ रोजी युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायेन यांनी स्ट्रासबर्ग इथे युरोपीय संसदेत सांगितले, की रासायनिक कीडनाशकांचा वापर निम्म्यावर आणू पाहणारा कायद्याचा प्रस्ताव आम्ही मागे घेत आहोत. पाचच दिवस आधी ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या होत्या, संसदेसमोरच्या चौकात आगी पेटल्या होत्या. ही बातमी आपल्याकडे पोचली तेव्हा तिचे दोन अर्थ आधीच तयार होते. एक गट म्हणाला, बघा, युरोपसुद्धा शहाणा झाला. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर रातोरात बंदी घालून जे भोगले, ते युरोपने वेळीच ओळखले. दुसरा गट म्हणाला, कंपन्या जिंकल्या आणि विज्ञान विकले गेले. शेतीवर चार माणसे बोलायला बसली की ‘सेंद्रिय’ आणि ‘रासायनिक’ असे दोन झेंडे रोवल्याशिवाय आपल्याला पुढे जाताच येत नाही. त्या झेंड्यांखाली युरोपची बातमीही वाटून घेतली गेली आणि प्रत्यक्षात तिथे काय घडले हे बघण्याची गरज कोणालाच उरली नाही.

माझ्या मते दोन्ही वाचने चुकीची आहेत, आणि चूक अगदी प्राथमिक आहे. जो कायदा मागे घेतला गेला तो एक दिवसही लागू झाला नव्हता. जून २०२२ मध्ये आयोगाने तो मांडला, २२ नोव्हेंबर २०२३ रोजी संसदेने तो २९९ विरुद्ध २०७ मतांनी फेटाळला, आणि ट्रॅक्टर आले ते त्यानंतर. जो प्रयोग झालाच नाही, तो फसला कसा? उलट युरोपात जे खरोखर करून पाहिले गेले, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी, पशुवैद्यांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून वीस-वीस, तीस-तीस वर्षे नेटाने केले, त्यातले बरेच काही चांगले जमले आहे. जमले तिथे एक गोष्ट सारखी दिसते: शेत आणि ताट एकाच हिशेबात धरले गेले आणि बदलाचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारला गेला नाही. फसले तिथे हा हिशेब तोडला गेला होता. वाद या हिशेबावर व्हायला हवा.

आधी वस्तुस्थिती. मे २०२० मध्ये युरोपीय आयोगाने ‘फार्म टू फोर्क’ (शेतापासून ताटापर्यंत) नावाचे धोरण आणले. २०३० पर्यंत रासायनिक कीडनाशकांचा वापर आणि धोका ५० टक्क्यांनी कमी, खतांचा वापर किमान २० टक्क्यांनी कमी, पाळीव जनावरांसाठीच्या प्रतिजैविकांची विक्री निम्मी आणि २५ टक्के शेतजमीन सेंद्रिय, अशी त्याची उद्दिष्टे होती. ट्रॅक्टर मात्र प्रत्येक देशात वेगळ्या कारणाने निघाले. जर्मनीत न्यायालयाच्या निकालाने अर्थसंकल्पाला भोक पडले आणि सरकारने शेतीच्या डिझेलवरची सवलत काढायला घेतली. पोलंडमध्ये युक्रेनच्या स्वस्त धान्याने बाजार पाडला होता. फ्रान्समध्ये डिझेल होते, दक्षिण अमेरिकेशी होऊ घातलेल्या व्यापार कराराची भीती होती, आणि कागदपत्रांचा तो जुना वैताग होता. हे सगळे एका पोत्यात भरून त्यावर ‘शेतकऱ्यांनी हरित धोरण नाकारले’ अशी चिठ्ठी लावणे सोयीचे आहे, खरे नाही.

आता या हरित धोरणाच्या विरोधकांचे सर्वांत वजनदार मुद्दे घेऊ, कारण ते खरेच वजनदार आहेत. पहिला उताऱ्याचा. स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ थेरविल इथे १९७८ पासून एकाच रानात सेंद्रिय आणि प्रचलित रासायनिक पद्धती शेजारी शेजारी चालवून मोजमाप होत आहे. पहिल्या २१ वर्षांचा हिशेब २००२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा सेंद्रिय पिकांचा उतारा सरासरी २० टक्क्यांनी कमी निघाला. हा आकडा सेंद्रिय शेतीच्या वैऱ्यांनी काढलेला नाही, तिच्याबद्दल आस्था असलेल्या संस्थेच्या सहभागाने निघालेला आहे. दुसरा मुद्दा गळतीचा. युरोपने आपल्या रानात कमी पिकवले आणि तेवढेच खात राहिले, तर उरलेले ब्राझीलच्या जंगलाच्या जागी पिकेल. युरोपातल्या डुकरा-कोंबड्यांना लागणारा सोयाबीन आजच मोठ्या प्रमाणात समुद्रापलीकडून येतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने नोव्हेंबर २०२० मध्ये अंदाज दिला, की ही उद्दिष्टे एकट्या युरोपने पाळली तर तिथले शेती उत्पादन १२ टक्क्यांनी घटेल. तिसरा मुद्दा तर डोळ्यांदेखत घडला. फ्रान्सने मधमाश्यांसाठी घातक ठरलेली निओनिकोटिनॉइड गटातली कीडनाशके बंद केली, २०२० मध्ये माव्याने पसरवलेल्या पिवळ्या रोगाने साखर बीट झोपले, आणि त्याच वर्षअखेरीस सरकारला बीटापुरती सूट देणारा कायदा करावा लागला. ज्याचे पीक डोळ्यांसमोर पिवळे पडते, त्याला मधमाशीचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगणार?

हे मुद्दे उडवून लावणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष तपासायला हवा. १२ टक्के घट सांगणाऱ्या त्या अंदाजात खते, कीडनाशके, प्रतिजैविके आणि जमीन कमी केली होती, बाकी सगळे होते तसेच धरले होते. लोक तेवढेच मांस खाणार, तेवढेच अन्न फेकणार, नवे वाण येणार नाहीत, शेतकरी फेरपालट बदलणार नाही. म्हणजे ‘फार्म’ निम्मे केले आणि ‘फोर्क’ला हात लावला नाही. युरोपीय संघात वापरल्या जाणाऱ्या धान्यापैकी निम्म्याहून अधिक धान्य जनावरांच्या दावणीत जाते. अशा खंडात उतारा थोडा घटला तर माणूस उपाशी मरेल हे गणित आपोआप येत नाही. आधी दावण आणि ताट यांच्याबद्दल काहीतरी गृहीत धरावे लागते. आणि थेरविलच्या त्याच प्रयोगाचे दुसरे आकडे वादात कोणी आणत नाही: उतारा २० टक्के कमी, पण खते आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी आणि कीडनाशके ९७ टक्के कमी. हे वाचून कोणी उद्याच सेंद्रिय व्हावे असे मी म्हणत नाही. पण ‘वीस टक्के’ एवढेच कापून भिंतीवर लावणे ही अर्धी बेरीज आहे.

शिवाय सेंद्रिय आणि रासायनिक यांच्या मधे फार मोठे रान पडले आहे, आणि युरोपातले चांगले संशोधन बहुतेक त्या मधल्या रानातच झाले आहे. फ्रान्समध्ये ‘डेफी’ या जाळ्यात हजारो शेतकरी स्वतःच्या शेतावर फवारणी कमी करून नोंदी ठेवतात. त्यातल्या ९४६ शेतांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. ७७ टक्के शेतांवर कमी कीडनाशके आणि चांगले उत्पन्न यांत विरोध आढळला नाही. उत्पादकता आणि नफ्याला धक्का न लावता ५९ टक्के शेतांवर एकूण वापर सरासरी ४२ टक्क्यांनी उतरवता येईल असा अंदाज त्या संशोधकांनी बांधला. इथे कोणी पंथ बदललेला नाही. लांब फेरपालट, पेरणीची तारीख, रोगाला दाद न देणारे वाण, गरजेपुरतीच फवारणी, एवढेच.

मग प्रश्न येतो, आणि तो विरोधकांच्या बाजूने येतो: एवढे कळले होते तर फ्रान्सला का जमले नाही? २००८ मध्ये फ्रान्सने दहा वर्षांत कीडनाशके निम्मी करण्याचा संकल्प केला. मुदत संपली, वापर घटला नाही, तारीख २०२५ वर गेली, मग २०३० वर. संशोधन होते, पैसा होता, करून दाखवणारे शेतकरी होते, तरी शेजारच्या शेतापर्यंत गोष्ट पोचली नाही. माझे उत्तर असे, की कुलूप शेतात नव्हतेच. गहू आणि मोहरीच्या जोडीला तिसरे-चौथे पीक घ्यायचे तर ते विकत घेणारी गिरणी जवळ हवी, साठवणारे गोदाम हवे. आणि काय फवारायचे हे सांगणारा सल्लागार त्याच सहकारी संस्थेचा नोकर होता, जी औषध विकते. विकणारा आणि सांगणारा वेगळे करण्याचा कायदा फ्रान्सने केला तो २०१८ मध्ये, म्हणजे संकल्पानंतर दहा वर्षांनी. (आपल्या तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर रोगट पान दाखवून औषध घेणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.)

याच्या उलट उदाहरण डेन्मार्कच्या डुकरांचे आहे. ते मला सगळ्यांत बोलके वाटते, म्हणून जरा तपशिलात जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपभर जनावरांच्या खाद्यात प्रतिजैविके मिसळली जात. आजारासाठी नव्हे, वजन लवकर भरावे म्हणून. त्यांतले एक अ‍ॅव्होपार्सिन. हे व्हँकोमायसिनचे सख्खे भावंड, आणि व्हँकोमायसिन म्हणजे रुग्णालयातले अखेरच्या फळीचे औषध. १९९४ मध्ये डेन्मार्कमध्ये माणसांवर उपचारासाठी २४ किलो व्हँकोमायसिन वापरले गेले, आणि जनावरांच्या खाद्यात २४ हजार किलो अ‍ॅव्होपार्सिन. एका बाजूला थेंब थेंब जपून वापरायचे आणि दुसऱ्या बाजूला त्याचेच भावंड टनांनी ओतायचे. जंतूंना हा फरक कळत नाही. ते दोन्हींना एकदमच दाद द्यायचे थांबतात. १९९५ मध्ये डेन्मार्कने अ‍ॅव्होपार्सिन बंद केले. त्याच वर्षी जनावरे, मांस आणि माणसे यांच्यातली प्रतिरोधकता एकत्र मोजणारी ‘डॅनमॅप’ ही यंत्रणा उभी केली, आणि त्याच सुमारास पशुवैद्यांना औषधविक्रीतून मिळणाऱ्या नफ्यावर मर्यादा घातली. सांगणारा आणि विकणारा इथे आधी वेगळे झाले. पुढे वजन वाढवण्यासाठीची सगळीच प्रतिजैविके थांबली, १९९८ पासून तर उत्पादकांनी स्वतःहून. १९९९ अखेर खाद्यातून ती पूर्ण गेली.

तेव्हाही भाकिते झालीच होती: धंदा बुडेल, मांस महागेल, व्यापार दुसरे देश नेतील. त्रास झाला. आईपासून तोडलेल्या पिल्लांना हगवण लागू लागली, उपचारासाठीची औषधे काही काळ वाढली. नंतर पिल्ले उशिरा तोडणे, खाद्य बदलणे, लसी, गोठ्याची स्वच्छता असे एकेक जमत गेले. १९९२ ते २००८ या काळात तिथले डुकरांचे उत्पादन वर्षाला १.८४ कोटींवरून २.७१ कोटींवर गेले आणि मांसाच्या दर किलोमागे प्रतिजैविकांचा वापर निम्म्याहून खाली आला. स्वीडनने हे १९८६ मध्येच केले होते. युरोपीय संघाने सर्वत्र बंदी आणली १ जानेवारी २००६ पासून. आणि मग देशोदेशीचे आकडे एकाच पद्धतीने मोजले जाऊ लागल्यावर दिसले, की २०११ ते २०२२ या काळात २५ देशांतली जनावरांसाठीच्या प्रतिजैविकांची विक्री ५३ टक्क्यांनी घटली. हेही ‘फार्म टू फोर्क’चेच एक उद्दिष्ट आहे. या उद्दिष्टाविरुद्ध ब्रुसेल्समध्ये किती ट्रॅक्टर आले?

गोष्ट स्वच्छ संपत नाही. हगवण थांबवायला प्रतिजैविकांच्या जागी झिंक ऑक्साइडचे मोठे डोस आले, त्याने माती-पाण्यात जस्त साठू लागले, आणि २०२२ मध्ये तेही बंद करावे लागले. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या जंतूंचा एक प्रकार डेन्मार्कच्या डुकरांत पसरला तो पसरलाच. ज्यांना संशोधन म्हणजे अंतिम उत्तर हवे असते त्यांना अशा गोष्टी अपयश वाटतात. मला यात उलटे दिसते: मोजणारी यंत्रणा कायम होती म्हणूनच नवी अडचण सापडली, लपली नाही.

ताटाच्या बाजूने निघून शेतात पोचलेले उदाहरण फिनलंडचे आहे. १९७० च्या सुमारास पूर्वेकडच्या नॉर्थ कारेलिया प्रांतात ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने मरत होते. तो दर जगात सर्वांत वाईट दरांपैकी होता. प्रांत लाकूडतोड्यांचा आणि दूधवाल्यांचा. लोणी हे तिथे अन्नही होते आणि उत्पन्नही. १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली तिथे मोहीम सुरू झाली. ‘लोणी कमी खा’ असे दूध उत्पादकांच्या प्रांतात सांगणे म्हणजे उसाच्या पट्ट्यात साखर सोडायला सांगणे. दूध संघ चिडले, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. फरक पुढच्या पावलात पडला. मोहीम व्याख्यानांवर थांबली नाही. थंड हवेत तगणारे मोहरीवर्गीय तेलबियांचे वाण आले आणि देशी तेल मिळू लागले. दुधाचा भाव फॅटवरून ठरायचा, तिथे प्रथिनांना वजन दिले गेले. आणि गोठा आवरणाऱ्यांसाठी बेरी-लागवडीचा कार्यक्रम आला, कारण फळांची मागणी वाढवायची तर ती पिकवणारा त्याच प्रांतातला असावा. चाळीस वर्षांत तिथल्या काम करत्या वयातल्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. धूम्रपान घटले, रक्तदाबावर उपचार वाढले, त्यांचाही यात वाटा आहे. सगळे श्रेय लोण्याला देण्याचे कारण नाही. पण आहार बदलला, शेती बदलली आणि प्रांत भिकेला लागला नाही, हे तर दिसले.

डेन्मार्कचेच ट्रान्स फॅटचे (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक चरबीचे) प्रकरण दोन वाक्यांत सांगता येईल. २००३ मध्ये त्या छोट्या देशाने खाद्यचरबीत ट्रान्स फॅटची मर्यादा १०० ग्रॅमला २ ग्रॅम अशी घातली तेव्हा तिला अतिरेक म्हटले गेले; तीच मर्यादा २०२१ मध्ये सगळ्या युरोपीय संघाची झाली आणि २०२२ पासून भारताचीही आहे.

आता ज्या ठिकाणी हिशेब तुटला तिथे जाऊ. नेदरलँड्समध्ये जनावरांच्या शेणामुतातून हवेत आणि जमिनीत जाणाऱ्या नायट्रोजनचा प्रश्न पेटला तो मे २०१९ च्या न्यायालयीन निकालाने. नंतर सरकारने २०३० पर्यंत नायट्रोजनचे उत्सर्जन निम्मे करायचे ठरवले आणि २४ अब्ज युरोंहून मोठा निधी जाहीर केला. म्हणजे पैसा होता. खर्च शेतकऱ्यावर टाकला असे तिथे म्हणता येणार नाही, असा आक्षेप कोणी घेईल. पण त्या पैशाचे मुख्य बोलणे काय होते? गोठा विका आणि बाहेर पडा. ज्या शेतकऱ्याला तीन पिढ्या ‘वाढव, कर्ज काढ, निर्यात कर’ असे सरकार, बँक आणि कृषी विद्यापीठाने एका सुरात सांगितले, त्याला चौथ्या पिढीत ‘तूच प्रदूषण आहेस’ म्हणून धनादेश दाखवला. मार्च २०२३ मध्ये, २०१९ साली जन्मलेला शेतकऱ्यांचा पक्ष प्रांतिक निवडणुकांत पहिला आला, यात नवल कसले?

आणि हे पहिल्यांदा घडले नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यातली डच उपासमार संपल्यावर सिको मान्सहोल्ट नावाचा शेतकरीच त्या देशाचा कृषिमंत्री झाला. ‘पुन्हा कधीही भूक नको’ हा त्याचा ध्यास. पुढे तो युरोपीय आयोगात गेला आणि १९६२ मध्ये सुरू झालेल्या सामायिक कृषी धोरणाचा शिल्पकार ठरला. हमीभावाने पीक एवढे वाढले, की साठे डोंगराएवढे होऊ लागले. १९६८ मध्ये त्याने योजना मांडली: सुमारे ५० लाख शेतकऱ्यांनी शेती सोडावी, उरलेल्यांनी मोठी शेती करावी. १९७१ च्या फेब्रुवारीत शेतकरी ब्रुसेल्सच्या मंत्रिपरिषदेच्या बैठकीत चक्क गाई घेऊन शिरले. मार्चमध्ये मोर्चा निघाला, त्यात एकाचा जीव गेला. योजना बरीचशी गुंडाळली गेली. पण साठे हटले नाहीत. लोण्याचे डोंगर आणि दारूची तळी ऐंशीच्या दशकात जगाच्या थट्टेचा विषय झाली, १९८४ मध्ये दुधावर कोटा आला, १९९२ मध्ये हमीभाव उतरवावे लागले. मोर्चाने योजना मरते, प्रश्न मरत नाही. २०२४ च्या माघारीला ‘शहाणपण’ म्हणणाऱ्यांनी १९७१ नंतरची वीस वर्षे एकदा वाचावीत. आणि हरित बाजूच्या मित्रांनी हेही वाचावे, की शेतकरी तेव्हा योजनेतल्या अर्थशास्त्रावर जितका चिडला नव्हता, तितका आपल्याला ओझे समजले गेले यावर चिडला होता.

संशोधनावर एक टीका मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि ती बाहेरून कमी, आतून जास्त ऐकू येते. युरोपीय संघाच्या सध्याच्या ‘होरायझन युरोप’ या संशोधन-निधी कार्यक्रमाचा आकार मुळात ९५.५ अब्ज युरोंचा, त्यातले सुमारे ९ अब्ज अन्न, शेती, पर्यावरण अशा विषयांच्या गटाला. यातून वीस-वीस संस्थांची मोट बांधली जाते, चार-पाच वर्षे बैठका होतात, अहवाल निघतात, संकेतस्थळ बंद पडते आणि तीच माणसे नव्या नावाने नवा प्रकल्प मागतात. मातीला पाच वर्षांचा प्रकल्प कळत नाही. इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेड शेती संशोधन केंद्राचे ब्रॉडबॉक हे गव्हाचे रान १८४३ पासून मोजले जात आहे, तेही एका खत-कारखानदाराच्या पैशाने सुरू झालेले. जर्मनीच्या राखीव क्षेत्रांतल्या उडत्या कीटकांचे वजन २७ वर्षांत ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१७ मध्ये जगाला कळले ते क्रेफेल्डच्या हौशी कीटक-अभ्यासकांमुळे. त्यांनी वर्षानुवर्षे त्याच पद्धतीचे सापळे लावले. मोठ्या निधीच्या मोठ्या प्रकल्पांना हे का दिसले नाही? कारण एवढा वेळ उभे राहण्याचे पैसे कोणी देत नाही. आयोगाने २०२८ पासूनच्या सात वर्षांसाठी ‘होरायझन’ला १७५ अब्ज युरो प्रस्तावित केले आहेत. तो आकडा निम्मा झाला तरी मला फारसे दुःख होणार नाही, जर त्यातला काही भाग तीस वर्षांच्या मुदतीने बांधला गेला तर. २००९ पासून सुमारे २० हजार ठिकाणी माती तपासणारे ‘लुकास’ सर्वेक्षण याच जातीचे काम आहे. त्याच्याच नमुन्यांतून ११ देशांतल्या ३१७ शेतांची माती पाहिली तेव्हा ८३ टक्के नमुन्यांत कीडनाशकांचे अंश सापडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये संसदेने मातीच्या देखरेखीचा पहिला कायदा संमत केला. शेतकऱ्यावर नवे बंधन घालत नाही म्हणून त्याला दात नसल्याचे काही जण म्हणतात. मला वाटते, डेन्मार्कने १९९५ मध्ये जी यंत्रणा उभी केली तीही आधी फक्त मोजतच होती.

सर्वांत बोचरा आक्षेप शेवटी ठेवला आहे, कारण तो आपल्या दारातून जातो. युरोपचे विज्ञान ज्या औषधाला स्वतःच्या शेतात नाकारते, ते औषध युरोपातून बाहेर विकायला चालते. २०१८ या एका वर्षात युरोपीय संघाच्या शेतांवर बंदी असलेली ८१ हजार टनांहून अधिक कीडनाशके निर्यात करण्याच्या नोंदी झाल्या. यवतमाळमध्ये २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो रुग्णालयात गेली. त्या हंगामात फवारलेल्या औषधांमध्ये डायफेन्थियुरॉन होते, ज्याला युरोपीय संघात परवानगी नाही. फ्रान्सने २०२२ पासून अशी निर्यात बंद करायला घेतली. बाकीचे बहुतेक अजून विचार करत आहेत. हा दुटप्पीपणा आहे, आणि तो तसाच म्हटला पाहिजे. पण त्यातून ‘त्यांचे संशोधन ढोंगी, आपल्याला नको’ असे निघते का? २०१० मध्ये महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडली ती क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशामुळे, आणि त्या रसायनाची तपासणी आपल्या यादीत नव्हतीच. बागायतदारांनी वर्षभर मार खाल्ला, यादी सुधारली, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली तपासणीचे जाळे घट्ट झाले. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची परवानगी युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये संपवली, तेव्हा नाशिकच्या निर्यातदार बागायतदाराला युरोपचे नियम पुन्हा एकदा उघडून बसावे लागले. ते नियम ज्या मूल्यमापनावर उभे आहेत, ते इटलीतल्या पार्मा इथल्या युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे असते आणि कोणालाही फुकट वाचता येते. निर्यातीसाठी नोंदलेल्या बागेचा नमुना पास झाल्याशिवाय काढणी होत नाही. त्याच शिवारातून नाशिकच्या, पुण्याच्या मंडईत जाणाऱ्या द्राक्षांना ही अट नाही. ती का नाही, हे युरोपला विचारून चालणार नाही.